चौकोनी वेल

मिस बेकफर्डने किल्ली दिली ती
जायफळाच्या रिकाम्या डबीत घालून.
म्हणाली, दहा डिग्रीच्या खाली जाऊ द्यायचं नाही,
आणि बोलायचं तिच्याशी. काहीही बोल,
विजेच्या बिलाबद्दल बोललीस तरी चालेल.
मग गुडघ्यांचं ऑपरेशन झालं
आणि ती लेकीकडे राहायला गेली, कॉव्हेंट्रीला.

वुल्व्हरहॅम्प्टनच्या रेल्वेपुलामागे भाड्याचे वाफे,
त्यातलं सतरा नंबरचं काचघर. आत ती.
खोड चौकोनी. खरंच चौकोनी,
चारही कडांना पातळ पंख,
सुताराने रंधा मारता मारता
जेवायला उठून जावं तसं.

तिची धाकटी बहीण माझ्या ओळखीची,
कृष्णकमळ, देवरुखच्या शाळेच्या कुंपणावर फुकट.
म्हणून जायच्या आदल्या दिवशी मीच बोट लावून दाखवलं:
हे शंभर कौरव, हे पाच पांडव.
मिस बेकफर्ड म्हणाली, काट्यांचा मुकुट. पाच जखमा.
मधल्या तिघांपाशी पोचलो
तेव्हा तिचे ते खिळे होते, माझे ब्रह्मा-विष्णू-महेश.
"तीनच आहेत ना?"
"तीनच."
मग आम्ही चहा प्यायलो.

फूल खाली मान घालून उमलतं, सकाळी,
दुपार कलली की आवरतं घेतं.
त्याच्या मुलखात त्याला काळा भुंगा लागतो,
लाकूड पोखरणारा, दांडगा.
इथल्या मधमाश्या येतात, पिऊन जातात,
पाठीला कणभर लागत नाही त्यांच्या.
म्हणून रात्रपाळी संपवून,
रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवून आलेली मी
शिडीवर चढायचे,
हातात माझ्या लग्नातला लालीचा ब्रश.

दोन उन्हाळे काही नाही.
फुलं पडत राहिली, ओल्या रुमालांसारखी.
मग कळलं, स्वतःचा पराग ती घेत नाही.
सगोत्र.

झालं, स्थळं शोधणं आलं.
वॉल्सॉलचे मिस्टर प्रॉसर, निवृत्त पोस्टमन,
त्यांच्याकडे होती एक, नुसतीच वाढलेली.
त्यांनी पराग पाठवला गोळ्यांच्या बाटलीत,
सेकंड क्लासचं तिकीट लावून.
ना पत्रिका, ना मानपान.
दोन दिवस तो फ्रिजमध्ये लोण्याशेजारी राहिला
आणि नवऱ्याने विचारलं,
हे पोटात घ्यायचं की लावायचं?

धरलं. एक.
लिंबाएवढं, मग आंब्याएवढं,
मग कशाएवढं म्हणायचं ते सुचेना.
देठ तुटेल म्हणून जुन्या स्टॉकिंगची झोळी बांधली.
ऑक्टोबरात पॅराफिनचा हीटर आणला
तेव्हा नवऱ्याने पाकिटामागे हिशेब मांडला:
एवढ्या पैशात रत्नागिरीहून फणस आला असता,
विमानाने, खिडकीजवळ बसून.

नोव्हेंबरातल्या एका पहाटे दार उघडलं
आणि वास.
मी दार परत लावून घेतलं, तो बाहेर सांडू नये म्हणून.
देठ मोकळा होता.
त्याने रात्रीत कधीतरी स्वतःहून हात सोडलेला.

कॉव्हेंट्रीच्या गाडीत ते टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं.
एक पोरगा कानातले इअरफोन न काढता उठला,
जागा दिली, पाऊल न वाजवता पुढे गेला.
मी काही खुलासा केला नाही.

मिस बेकफर्डने गर काढला, वर आटवलेलं दूध,
जायफळ किसलं. एक चमचा.
डोळे मिटले. बराच वेळ.
मला वाटलं झोपली.
मग म्हणाली,
आठवडाभर अजून थांबायला हवं होतंस.

सालाखालचा जाड पांढरा गाभा मी परत घेऊन आले.
गूळ, गोडा मसाला, दाण्याचा कूट,
दुधीची करतो तशी भाजी.
नवऱ्याने दुसऱ्यांदा वाढून घेतली,
हिशेब न मांडता.

बिया धुऊन, वाळवून ठेवल्यात
मिस्टर प्रॉसरच्या त्याच बाटलीत.
लेबल अजून निघालेलं नाही:
दिवसातून एकदा, जेवणानंतर.